सामंत मास्तरांची भिंत

पुलकेश घोडई या इसमाला मी बारा वर्षं भिंतीवर शिव्या घातल्या. एकदाही त्याबद्दल कुणाकडं चहासुद्धा मागितला नाही. लोक विचारायचे, "कुंडू डॉक्टर, यातून तुम्हाला मिळतं काय?" मी म्हणायचो, "झोप मिळते बाबा, शांत झोप."

डॉक्टर म्हणजे होमिओपॅथीचा. हरिणखालीच्या बाजारात माझा दवाखाना आहे. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या मी देतो, बरे होणारे बरे होतात, न होणारे तमलूकच्या इस्पितळात जातात. पण गावात माझं नाव गोळ्यांमुळं नाही. निवडणूक लागली की भिंती रंगतात आणि त्या भिंतींवर कंदील पक्षाच्या बाजूनं ज्या दोन-दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या माझ्या. खाली सही नसते, भिंतीवर सही करायची पद्धतच नाही. पण लहान पोरालाही माहीत असतं की हे कुंडू डॉक्टरांचं.

आणि समोरचे जहाजवाले? त्यांच्या भिंती वाचून तर मला कीव यायची. 'विकासाच्या वाटेवर जहाज' म्हणे! अरे, जहाज वाटेवर कधीपासून चालायला लागलं? दहा माणसं बसून एवढं सुचलं यांना. उमेदवार काय, तर हा पुलकेश. चक्रीवादळाच्या वर्षी सरकारी ताडपत्र्या आल्या, त्या याच्या गोदामात उतरल्या आणि पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. लोक पावसात बसले. तेव्हा मी लिहिलं:

छप्पर उडून वाऱ्यासंगे खाडीपार गेलं,
ताडपत्रीचं गाठोडं ते पुलकेशनं नेलं!

बास. एवढंच. पण पोरी त्यावर दोरीवरच्या उड्या मारायला लागल्या. मासळीबाजारात बायका भाव पाडताना म्हणायला लागल्या. पुलकेश पडला. पुढल्या खेपेला ओळ पुसून गेली होती तरी लोकांच्या तोंडून गेली नव्हती, तो पुन्हा पडला. आता मला सांगा, हे काम टीव्हीवर टाय लावून ओरडणाऱ्यांना जमेल का?

पण खरं सांगायचं तर ती ओळ निम्मी अनाथची.

अनाथबंधू सामंत माझा शाळेपासूनचा दोस्त. तीस वर्षं गावच्या शाळेत बंगाली शिकवलं, तीस वर्षं कंदिलाचं काम केलं, सायकलवर. मी ओळी औषधाच्या चिठ्ठीमागं खरडून न्यायचो. तो वाचायचा नाही, मला वाचायला लावायचा. बोटांनी टेबलावर ठेका धरायचा आणि मध्येच थांबायचा. "इथं लंगडतंय, त्रिदिव." मी चिडायचो, भांडायचो आणि शेवटी तो म्हणेल तेच करायचो. 'ताडपत्र्या सगळ्या मात्र' असं काहीतरी मी लिहिलं होतं. 'गाठोडं ते' त्यानं घातलं. त्या गाठोड्यानंच पुलकेशला बुडवलं.

अनाथचं घर तिकाटण्यावर आहे, तीन रस्ते मिळतात तिथं. पूर्वेची भिंत लांबलचक, गुळगुळीत, आणि बरोबर तिच्यासमोर बस थांबते. बसची वाट बघणारा माणूस दुसरं काय करणार, भिंत वाचणार. गावात याहून चांगली भिंत नाही. घरमालकानं लिहून दिल्याशिवाय भिंत रंगवता येत नाही, म्हणून अनाथनं पक्षाला कागद दिलेला. आमचा रंगारी निमाई प्रत्येक निवडणूक संपली की भिंतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, 'ही भिंत कंदिलाची, पुढच्या निवडणुकीपर्यंत'. एकदा असं लिहिलं की त्या भिंतीला दुसरा कुणी हात लावत नाही. एवढी लाज आमच्या राजकारणात अजून शिल्लक आहे. का आहे, कुणास ठाऊक.

भिंत रंगायची त्या दिवशी मी तिथं खुर्ची टाकून बसायचो. अनाथची बायको, बाणीवहिनी, चहा आणायची. निमाई आणि त्याच्या जोडीदाराला कागदी पेल्यात, आणि मला निळ्या काठाच्या चिनी मातीच्या कपात. तो कप माझाच. त्या घरात तो दुसऱ्या कुणाला देत नसत. "भावजी, आज कुणाची सालं काढलीत?" असं विचारत ती तो माझ्या हातात द्यायची. पंचवीस वर्षं.

यंदा तिकीट अनाथला मिळणार हे सगळा गाव धरून चालला होता. दुसरं होतं कोण? आणि मग फाल्गुनात एके दुपारी टीव्हीवर पाहिलं तर काय, कोलकात्यात आमच्या पक्षाच्या कचेरीत पुलकेश घोडई गळ्यात झेंडूचा हार घालून उभा! हातात कंदिलाचा झेंडा! 'मला तिथं गुदमरत होतं,' म्हणाला. बारा वर्षं गुदमरत होतं मेल्याला, आणि वजन मात्र वाढत होतं. चार दिवसांनी तिकीटही त्यालाच.

अनाथनं सायकल काढली नाही, ती त्यानं सहा महिन्यांपासून काढली नव्हती, त्याचं कारण पुढं सांगतो. रिक्षानं गेला आणि अपक्ष म्हणून अर्ज भरून आला. त्याला चिन्ह मिळालं बॅटरी.

तिसऱ्या दिवशी आमचा सेक्रेटरी मानस बेरा दवाखान्यात आला. वय माझ्या निम्मं, मिशी मात्र पूर्ण.

"कुंडूदा, पुलकेशदांवरचं सगळं पुसायचं. चुना पाठवतो. आणि त्यांच्यावर दोन गोड ओळी."

"माझ्या गोळ्या गोड असतात," मी म्हटलं, "ओळी नाही. चालता हो."

"पक्षाचा आदेश आहे."

"पक्षानं मग ताडपत्री पण आत घेतली का? विचार की त्याला, गाठोडं कुठंय?"

मानस हसला नाही. आठ दिवस मी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी अनाथकडं जाऊन बसायचो, मुरमुरे आणि वांग्याची भजी खात पुलकेशच्या नावानं बोटं मोडायचो. अनाथ म्हणायचा, "जाऊ दे रे." वहिनी म्हणायची, "जाऊ दे कसलं? भावजी, लिहा तुम्ही. पक्षाच्या नाही तर आमच्या बाजूनं लिहा." आणि मी मान हलवायचो. हलवायचो, पण लिहीत मात्र नव्हतो. अपक्षाच्या ओळी कुठं रंगणार? निमाई पक्षाचा, चुना पक्षाचा, भिंती पक्षाच्या. आणि मी? मीही पक्षाचाच की.

आता त्या सायकलीचं कारण सांगतो. अनाथच्या डोळ्यांत काचबिंदू उतरलाय. कडेचं दिसत नाही, समोरचं धुरकट दिसतं. हे तीनच माणसांना माहीत होतं, तो, वहिनी आणि मी. मी त्याला शपथेवर गप्प राहायचं कबूल केलं होतं. "निवडणूक होईस्तोवर बोलू नकोस," तो म्हणाला होता, "आंधळ्याला कोण मत देतं? मग जाऊ ऑपरेशनला." एकदा दवाखान्यात येऊन स्वतःच हसत सांगितलं, "त्रिदिव, आज मी तुझ्या दारातल्या विजेच्या खांबाला नमस्कार केला. म्हटलं, कसं काय, बरं आहे ना? खांब काही बोलेना. मला वाटलं, जहाजवाला असेल." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

नवव्या दिवशी पुलकेश स्वतः आला.

दवाखाना भरलेला. बाहेर गाडी थांबली, पाठोपाठ मानस आणि पंधरा-वीस टाळकी. मी म्हटलं, आता हा माझी कॉलर धरणार. बारा वर्षांचं सगळं वसूल करणार. मी उभा राहिलो, काठी हाताशी होती. आणि या माणसानं काय करावं? वाकला, ढेरीसकट वाकला आणि माझ्या पायांना हात लावला!

"कुंडूदा, आशीर्वाद द्या. गावात आपण एकटेच कवी."

"मी तुला चोर म्हटलंय, बाबा."

"म्हटलंत ना! काय म्हटलंत!" आणि त्यानं सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, "छप्पर उडून वाऱ्यासंगे..." ताडपत्री आली तिथं टाळी वाजवली. मग दुसरी ओळ, मग तिसरी. बारा वर्षांत मी त्याच्यावर जे जे लिहिलं ते सगळं या माणसाला पाठ! मला स्वतःला आठवत नव्हत्या अशासुद्धा ओळी. "माझी धाकटी मुलगी यावर उड्या मारायची," तो म्हणाला. "मी तिला म्हणायचो, मार बाळ, ओळ झकास आहे. कुंडूदा, दोनदा पडलो मी. जहाजाला वाटतं पैशानं पडलो, लाटेनं पडलो. छे! तुमच्या दोन ओळींनी पडलो."

मी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली, ते वाक्य मला या चोराच्या तोंडून ऐकायला मिळालं. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. ज्याला शिवी दिली त्यालाच ती लागत नाही, उलट तो ती बिल्ल्यासारखी छातीवर लावून फिरतो, तेव्हा आपण शहाण्यानं घाबरायला पाहिजे. मी मूर्ख, मी खुर्ची पुढं केली.

"आता माझ्यावर नका लिहू," पुलकेश बसत म्हणाला. "माझं मी बघतो. मास्तरांवर लिहा."

"अनाथवर? काय लिहिणार? त्याच्यात लिहिण्यासारखं आहे काय?"

"बघा," मानस मध्येच म्हणाला, "मी सांगत होतो ना पुलकेशदा, कुंडूदांच्यानं आता होत नाही. कोलकात्याहून फ्लेक्स मागवू. मोठे, रंगीत, फोटोवाले. आताशा भिंत वाचतो कोण?"

"भिंत वाचतो कोण?" मी ओरडलो. "तुझ्या बापानं वाचली, म्हणून तू या पक्षात आहेस!"

"मग म्हणा की. एक ओळ. मास्तरांवर. नाही ना जमत?"

सगळे माझ्याकडं बघत होते. रोगी, टाळकी, दारातला रिक्षावाला. पुलकेश मान कलती करून, कौतुकानं, एखाद्या गवयाची वाट बघावी तसा. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी लिहिलंही नव्हतं, ठरवलंही नव्हतं. खांबाची गोष्ट पोटात होती, ती ओळ होऊन बाहेर आली. मत मागणारे मास्तर, समोर खांब, डोळ्यांवर काळोखाचं अस्तर.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग दवाखाना हसला. रोगीसुद्धा हसले, ज्यांची पोरं अनाथनं शिकवली ते हसले. पुलकेश हसला नाही. तो पुढं झुकला आणि हळूच म्हणाला, "खरंय हे? दिसत नाही त्यांना?"

नाही म्हणायला हवं होतं. 'गंमत केली रे' एवढं म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो म्हणजे काय ते त्याला बरोबर कळलं.

"मास्तरांच्याच भिंतीवर लिहा," मानस उठत म्हणाला. "तिकाटण्यावर. बुक आहे आपली."

मी म्हटलं, अनाथ हाकलून देईल. एक आशा तेवढी होती. कागद त्यानं दिलाय, तो एका ओळीत परत घेऊ शकतो. हाकललं की मी सुटलो, पक्षापुढं हात वर केले की झालं. म्हणजे बघा, माझी लाजसुद्धा मी त्यालाच सांभाळायला दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निमाईनं भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. जुनी ताडपत्रीची ओळ होती त्याच जागी. पलीकडं दोन पोरी दोरीवर उड्या मारत तीच ओळ म्हणत होत्या. भिंतीवरून गेली तरी यांच्या पायांतून जाईना. मी खुर्ची टाकली नाही, उभाच होतो. अनाथ दारातून भिंतीला हात लावत लावत आला.

"निमाई आलाय वाटतं. चुन्याचा वास येतोय. आणि कोण, त्रिदिव? बिडीवरून ओळखलं."

"अनाथ," मी म्हटलं, "तू अपक्ष आहेस. भिंत तुझी. कागद परत माग. आत्ता, माझ्यासमोर माग. मी यांना घेऊन जातो."

"कागद दिलाय ना मी? निवडणुकीपर्यंत दिलाय. मग निवडणूक होऊ दे."

"अरे, तुझ्याविरुद्ध लिहितील!"

"लिहू देत की. दुसऱ्यांच्या भिंतींवर मी कुणाविरुद्ध लिहून घेतलं नाही का? आणि तू असताना मला कसली काळजी? तू काय माझ्याबद्दल वाईट लिहिणार आहेस?"

हे तो सरळपणानं म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो. निमाईनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या हातात माझी चिठ्ठी होती, औषधाच्या कागदामागं खरडलेली. मी तिथून चिठ्ठी हिसकून घेऊ शकत होतो. पण चौकात मानसची मोटारसायकल उभी होती आणि मानस त्यावर बसून भेळ खात होता. मी बिडी पेटवली. निमाईनं कुंचला बुडवला.

अक्षरं वाढत गेली तसे बसची वाट बघणारे वळले. एकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, हसला, मग त्याला मास्तर तिथंच उभे दिसले. हसणं गिळून तो बसच्या वाटेकडं बघायला लागला.

"काय झालं? हसले कशाला?" अनाथ म्हणाला. "चांगली जमलेली दिसते. त्रिदिव, वाच बघू."

"निमाईचं व्हायचंय अजून..."

"झालंय काका," निमाई खाली बघत म्हणाला.

"वाच रे. नेहमी वाचतोस ना."

मी वाचलं. काय करणार होतो? तीस वर्षं त्याच्यासमोर वाचत आलो होतो, तशाच आवाजात वाचलं:

खांबापुढे हात जोडून मत मागती मास्तर,
डोळ्यांवरती पडलंय मोठं काळोखाचं अस्तर!

ऊन अनाथच्या चष्म्यावर होतं. मग त्याचा हात भिंतीवर गेला, ओल्या चुन्यावर, आणि बोटं ठेका धरायला लागली. एक ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत बोटं थांबली.

"इथं लंगडतंय, त्रिदिव," तो म्हणाला. "'मोठं' कशाला? 'काळोखाचं' पण जड होतंय. 'चढलंय ज्यांच्या अंधाराचं अस्तर' असं कर. मग पोरींना उड्या मारता येतील." थोडा थांबून म्हणाला, "खांब चांगला बसवलास." आणि भिंत चाचपत आत निघाला. बोटांना चुना लागला होता, तो त्यानं धोतराला पुसला.

मला वाटलं, त्यानं माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. खरंच वाटलं. पण तसं बरं वाटायची सोय त्यानं ठेवली नव्हती. खिडकीत बाणीवहिनी उभी होती, केव्हापासून कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं. खिडकी आपटली नाही, आरडाओरडा झाला नाही. आत भांडं वाजलं.

"काका," निमाई हळूच म्हणाला, "मास्तर म्हणाले तसं बदलू? चुना ओला आहे तोवर होईल."

मी भिंतीकडं बघितलं. अनाथचं बरोबर होतं, नेहमीसारखंच. ओळ लंगडत होती. आणि देवाशपथ सांगतो, त्या वेळीही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की लंगडी ओळ तिकाटण्यावर माझ्या नावानं राहायला नको.

"बदल," मी म्हटलं.

निमाई पुसून लिहीत होता तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. ताटलीत तीन कागदी पेले होते. एक निमाईला, एक त्याच्या जोडीदाराला, आणि तिसरा तिनं माझ्यासमोर धरला. मी तिच्या मागं बघितलं, कुठं कप दिसतो का ते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीकडंही नाही.

"घ्या, डॉक्टरबाबू," ती म्हणाली. "पिऊन झालं की पेला गटारात टाकू नका. रंगाऱ्यांसाठी तिकडं डबा ठेवलाय."

मी पेला घेतला. चहा कडक होता, बोटं भाजत होती, आणि समोर निमाई 'अंधाराचं' लिहीत होता.